हमालांची नावं कोणत्या बखरीत?

ब्रिटिश म्युझियममध्ये आफ्रिकेचं दालन तळघरात आहे. (इजिप्तही आफ्रिकेतच येतो, पण त्याला वरची दालनं.) जिना उतरून गेलं की बेनिनचे पितळी फलक दिसतात. उभ्या दांड्यांवर एकाखाली एक बसवलेले, मागे भिंत नाही, त्यामुळे हवेत तरंगल्यासारखे. उंची साधारण हातभर. एकावर मधोमध राजा, दोन्ही बाजूंना ढाली धरलेले सरदार, आणि त्यांच्या कमरेइतके शिंग फुंकणारे सेवक. ज्याचा मान मोठा त्याची आकृती मोठी. उरलेल्या जागेत सगळीकडे चार पाकळ्यांची नक्षी. ती नदीतली पानं, पाण्याच्या देवतेची खूण. माझ्यासोबत भाची होती, नववीतली. तिचं राजाकडे लक्षच नव्हतं. "मावशी, ही भोकं कसली गं?" तिने विचारलं.

फलकाच्या कडांना खिळ्यांची भोकं होती. हे फलक राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेले असत. सोळाव्या-सतराव्या शतकात एकेका ओबाने, म्हणजे बेनिनच्या राजाने, आपल्या ओताऱ्यांकडून ते घडवून घेतले. मेणाचा नमुना, वर मातीचा लेप, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. जग त्यांना 'बेनिन ब्रॉन्झ' म्हणतं, पण बहुतेक पितळच आहे. आणि हे बेनिन म्हणजे आजचा त्या नावाचा देश नव्हे; शेजारच्या नायजेरियातल्या एडो लोकांचं जुनं राज्य. त्यांच्या एडो भाषेत आठवण्यासाठी एक क्रियापद आहे, 'सा-ए-य-आमा'. त्याचा शब्दशः अर्थ 'धातूत आकृती ओतणे'.

एडो माणसाला हे फलक शोभेची वस्तू वाटत नव्हते, एवढं या शब्दावरून कळतं. ते दप्तर होतं. कोणत्या खांबावर कोणता फलक, त्याच्या शेजारी कोणता, याला अर्थ असणार. तो क्रम आज कुणालाच लावता येत नाही. पोथी सोडवून पानं वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकावीत आणि मग म्हणावं की या लोकांना ग्रंथ माहीत नव्हते, तसं झालं आहे.

म्हटलंही तसंच. १९६३ साली ऑक्सफर्डचे एक अतिशय नामांकित इतिहासकार, ह्यू ट्रेव्हर-रोपर, व्याख्यानात म्हणाले की पुढेमागे शिकवण्याजोगा आफ्रिकेचा इतिहास तयार होईलही, पण आज तो नाही, किंवा नसल्यातच जमा. आहे तो आफ्रिकेतल्या युरोपियनांचा इतिहास, बाकी अंधार. गंमत अशी की त्याच १९६३ साली ब्रिटिश संसदेने म्युझियमचा कायदा केला, आणि त्या कायद्याने म्युझियमच्या संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकणं जवळजवळ अशक्य झालं. इतिहास नाही म्हणायचं आणि त्याची कागदपत्रं मात्र कुलपात ठेवायची, हे एकाच वर्षात घडलं.

या अंधाराच्या सिद्धांताला उत्तरं खूप दिली गेली. टिंबक्टूची अरबी हस्तलिखितं आहेत, इथिओपियाचे गीझ भाषेतले राजवृत्तांत आहेत. काँगोतल्या लुबा लोकांकडे 'लुकासा' नावाची मणी जडवलेली लाकडी पाटी असे. जाणता माणूस त्या मण्यांवरून बोट फिरवत राजांच्या वंशावळी आणि प्रवास सांगायचा. पण माझ्या मते सगळ्यात भक्कम उत्तर कामातून आलं. केनेथ डिके या नायजेरियन इतिहासकाराने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर फिरून सरकारी कचेऱ्यांच्या अडगळीत सडत पडलेली जुनी कागदपत्रं धुंडाळली, त्यातून नायजेरियाचं अभिलेखागार उभं राहिलं. पुढे इबादान विद्यापीठात त्यांच्या नेतृत्वाखाली बेनिनच्या इतिहासासाठी वेगळी योजना निघाली. केनियात बेथवेल ओगोट यांनी लुओ लोकांच्या तोंडी परंपरांवर, तारखा आणि पिढ्या ताडून पाहत, १९६७ साली रीतसर इतिहास लिहिला. युनेस्कोने १९६४ साली हाती घेतलेला आठ खंडांचा आफ्रिकेचा इतिहास ज्या समितीने घडवला तिचे दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकी होते. डिके कचेऱ्यांतून फिरत होते हे वाचताना वाड्यावाड्यांतून कागदांचे रुमाल सोडवत हिंडणारे इतिहासकार वि. का. राजवाडे आठवतात, आणि ते साहजिक आहे. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, कीर्तन्यांनी त्यावर टीका केली, राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे बावीस खंड काढले. परक्याने लिहिलेल्या आपल्या इतिहासाला उत्तर द्यायचं तर आधी आपली कागदपत्रं आपल्या हातात हवीत, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

बेनिनच्या लोकांच्या हातात ती नव्हती. कारण १८९७.

ही गोष्ट इंग्रजीत अनेक वर्षं अशी सांगितली गेली: निःशस्त्र ब्रिटिश अधिकारी शांततेच्या भेटीला निघाले, रानटी लोकांनी त्यांची कत्तल केली, म्हणून 'दंडात्मक मोहीम' पाठवावी लागली. दंड गुन्हेगाराला होतो. शब्द निवडला की निकाल आपोआप लागतो. आता बेनिनच्या अंगणातून बघा. प्रभारी कॉन्सुल-जनरल जेम्स फिलिप्स यांनी नोव्हेंबर १८९६ मध्येच परराष्ट्र खात्याला पत्र लिहून ओबाला गादीवरून काढायची परवानगी मागितली होती. त्याच पत्रात हेही होतं की राजवाड्यात या कामाचा खर्च भागेल एवढं हस्तिदंत निघावं. खरं दुखणं व्यापाराचं होतं. ओबा आपल्या अटींवर माल सोडत होता आणि किनाऱ्यावरच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांना ते चालत नव्हतं. जानेवारी १८९७ मध्ये फिलिप्स निघाले तेव्हा राजवाड्यात इगुएचा सण चालू होता आणि त्या काळात ओबा परक्यांना भेटत नाही. थांबा, असा निरोप गेला. ते थांबले नाहीत. वाटेत ओलोग्बोसेरे या सरदाराच्या माणसांनी त्यांना गाठलं. नऊ ब्रिटिशांपैकी दोघे वाचले.

फेब्रुवारीत ॲडमिरल रॉसन सुमारे बाराशे माणसं, मॅक्झिम तोफा आणि रॉकेटं घेऊन आले. १८ फेब्रुवारीला शहर पडलं, तीन दिवसांनी आगीत बरंचसं भस्म झालं. हजारो वस्तू निघाल्या, काही खर्चवसुलीसाठी विकल्या गेल्या, बऱ्याच अधिकाऱ्यांच्या सामानातून गेल्या. ओबा ओवोनरामवेन यांना कॅलाबारला हद्दपार केलं. १९१४ साली ते तिथेच वारले. ओलोग्बोसेरेला १८९९ साली फाशी दिली. आणि लंडनमध्ये फलक पाहून तिथल्या तज्ज्ञांना पहिला प्रश्न काय पडला, तर हे यांना कुणी शिकवलं असेल? पोर्तुगीजांनी, की इजिप्तने?

इथवर सगळं सोपं आहे. लंडनची गोष्ट खोटी, बेनिनची खरी, सांगणारा बदला की झालं. आफ्रिकेच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुधा इथेच थांबतं. मला मात्र त्या वाटेवरचे हमाल दिसतात. फिलिप्सच्या ताफ्यात दोनशेच्या वर आफ्रिकी हमाल होते, किनाऱ्याकडून आणलेले. त्यातले कित्येक मारले गेले. मेलेल्या ब्रिटिशांची नावं, हुद्दे, सगळं नोंदलेलं आहे. ओलोग्बोसेरेचं नाव एडो लोकांच्या तोंडी आहे, नायक म्हणून. हमालांची नावं लंडनच्या वृत्तांतात नाहीत आणि राजवाड्याच्या आठवणीतही नाहीत. मग त्यांच्या दृष्टीने १८९७चा इतिहास कोणता? पेट्या डोक्यावर घेऊन चाललेला तो माणूस आफ्रिकीच होता.

'आफ्रिकेचा स्वतःचा दृष्टिकोन' या शब्दांत ही एक गोची आहे. दृष्टिकोन एकवचनी धरला की तो नेमका राजवाड्याचा निघतो.

एडो भाषेत एडोंचा इतिहास पहिल्यांदा छापला तो जेकब एघारेव्बा यांनी, १९३३ साली, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत आणला. विद्यापीठात न गेलेला हा माणूस म्हाताऱ्या सरदारांकडे, पुजाऱ्यांकडे, ओताऱ्यांकडे जाऊन विचारत राहिला. काम अफाट. पण पुस्तक मुख्यतः ओबांच्या क्रमाने चालतं, कुणी काय जिंकलं, कुणी काय बांधलं. आणि पुढच्या आवृत्त्यांत तारखा व तपशील बदलत गेले म्हणून नंतरच्या अभ्यासकांनी त्यांना धारेवरही धरलं. धरणाऱ्यांत नायजेरियनही होते. राजघराण्याच्या मुळाचाच वाद घ्या. एक परंपरा सांगते की आजच्या वंशाचा मूळपुरुष ओरान्मियान शेजारच्या योरुबा लोकांच्या इफे शहरातून आला, त्याचा बाप ओडुडुवा. दुसरी सांगते की ओडुडुवा म्हणजे मुळात बेनिनचाच हद्दपार राजपुत्र एकालादेर्हान, तोच इफेला जाऊन राजा झाला. २००४ साली तत्कालीन ओबांनी आपल्या आत्मचरित्रात दुसरी बाजू मांडली तेव्हा योरुबा राजघराणी खवळली. दोन्ही बाजू आफ्रिकी, दोन्हींना आपला इतिहास आपल्या नजरेने सांगायचा आहे. मूळपुरुष कोणाचा यावरून किती शाई सांडू शकते ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

याहून अवघड गोष्ट पितळाची आहे. फलकांसाठी एवढं पितळ आलं कुठून? पोर्तुगीज 'मनिल्ला' आणत, घोड्याच्या नालासारखी धातूची कडी, त्या किनाऱ्यावर ती पैशासारखी चालत. बुडालेल्या जहाजांवर सापडलेल्या मनिल्लांची रासायनिक तपासणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. बेनिनच्या कलाकृतींतल्या धातूशी ती जुळते, आणि तो धातू जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यातला. काही फलकांवर लांब केसांचा पोर्तुगीज उभा आहे आणि त्याच्याभोवती ही कडी ओतलेली आहेत. ओताऱ्याने काहीच लपवलेलं नाही. पण त्या कड्यांच्या बदल्यात मिरी आणि हस्तिदंताबरोबर माणसंही गेली. बेनिनने बराच काळ पुरुष गुलाम विकायला मनाई केली होती, हे खरं. व्यापार त्याआधी होता आणि नंतरही झाला, हेही खरं. म्हणूनच अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांचा एक गट २०२२ साली कोर्टात गेला: हे पितळ आमच्या पूर्वजांना विकून आलेलं आहे, ज्यांनी विकलं त्यांच्या वारसांना ते एकट्यांना परत देऊ नका. कोर्टाने ऐकलं नाही. पण मला त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. वस्तू अमेरिकेतच अडकवून ठेवायची त्यांची मागणी मला चुकीची वाटते, तरी त्यांचा प्रश्न फलकाच्या शेजारी लिहिला गेला पाहिजे. फलक ज्या खांबावर होता त्या वाड्यातही.

हे लिहिताना आपल्या घरातलं एक आठवतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून निघालेला एक मुलगा, बालपणीचं नाव चापू, इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेला, बगदादमार्गे अहमदनगरला आला आणि मलिक अंबर झाला. त्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. तिथे नहर आणली. १६२४ साली भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याचे सिद्दी मात्र शत्रू, बखरकाराने त्यांना घरातल्या उंदराची उपमा दिली. हबशी आपल्या इतिहासात कधी मित्र म्हणून येतो, कधी वैरी म्हणून, सांगणारा म्हणून कधीच येत नाही. मुरूडच्या होडीतून किल्ल्याकडे जाताना आपण विचारतो, हा का जिंकता आला नाही? आतल्या माणसाचा प्रश्न उलटा असणार: आम्ही हा टिकवला कसा?

तर मुद्दा परत देण्याचा. २०२२ साली जर्मनीने हजाराच्या वर वस्तूंची मालकी नायजेरियाला देण्याचा करार केला आणि वर्षअखेरीस वीसेक वस्तू अबुजाला पोचत्याही केल्या. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २९ दिल्या. २०२५ साली नेदरलँड्सने ११९. ब्रिटिश म्युझियमकडे नऊशेहून अधिक आहेत आणि कायदा आडवा येतो. मधल्या काळात, मार्च २०२३ मध्ये, नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की परत आलेल्या वस्तूंचे मालक ओबा. युरोपात एकदम कुजबुज सुरू झाली: आम्ही राष्ट्राला दिल्या, राजाला नव्हे. बेनिन सिटीत पश्चिम आफ्रिकी कलेचं नवं संग्रहालय उभं राहिलं, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाआधीच्या कार्यक्रमात आंदोलक घुसले. त्यांचं म्हणणं, संग्रहालयावर ओबांचा ताबा हवा. उद्घाटन लांबणीवर पडलं. मग ठरलेला सूर लागला: बघा, यांचं आपापसातच जमत नाही. आधी ठरवा कोणाचं, मग मागा.

हा युक्तिवाद दिसतो समंजस, पण मला तो सगळ्यात कावेबाज वाटतो. आपल्या भूतकाळावरून भांडणं हीच तर इतिहास असल्याची खूण. इंग्रजांचं त्यांच्या यादवी युद्धावरून अजून एकमत नाही, म्हणून त्यांचे कागद कुणी लागोसला नेऊन ठेवलेले नाहीत. आपण दीडशे वर्षं जन्मतारखांपासून गुरूंपर्यंत प्रत्येक गोष्टीवर भांडतो आहोत. एकमत करा, मग दप्तर वापरा, असं आपल्याला कुणी म्हणालं असतं तर? ओबा, सरकार, इगुन आळीतले ओतारी, इफेचे लोक, गुलामांचे वंशज यांना काय भांडायचं ते त्या फलकांसमोर उभं राहून भांडू दे. फलक लंडनच्या तळघरात असताना एडो भाषेत वाद घालणाऱ्या म्हाताऱ्याला तिथे जायला व्हिसा लागतो.

सुरक्षिततेचा आक्षेप उरतो. तो पोकळ नाही. १९७३ साली नायजेरियाच्या लष्करी राष्ट्रप्रमुखांनी, जनरल गोवोन यांनी, लागोसच्या संग्रहालयातलं बेनिनचं एक शिर उचलून इंग्लंडच्या राणीला भेट दिलं. बरीच वर्षं लोक त्याला नक्कल समजत होते, निघालं अस्सल. हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. पण हिशेब पुरा मांडायचा तर हेही मांडू: १९५०च्या दशकापासून पुढे ब्रिटिश म्युझियमने काही बेनिन फलक 'जास्तीच्या प्रती' ठरवून विकले, आणि विकत घेणाऱ्यांत नायजेरियाही होता. लुटलेला माल लुटल्या गेलेल्याने पैसे मोजून घेतला. आणि २०२३ साली त्याच म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं, आतल्याच माणसावर संशय ठेवून.

१९७७ साली लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला. राणीमाता इदियाचा हस्तिदंती मुखवटा हे त्याचं बोधचिन्ह. मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये. नायजेरियाने तो महोत्सवापुरता मागितला, मिळाला नाही. शेवटी एडो कारागिराकडून नवा कोरून घेतला. मागायला मालक आणि ठरवायला ठेवणारा, हे नातं तिथून पुढे सरकलेलं नाही, फक्त भाषा मऊ झाली आहे. आता 'उसनवारी' म्हणतात.

घानातल्या असांते लोकांचं पाहा. १८७४ साली ब्रिटिशांनी त्यांची राजधानी कुमासी लुटली, नंतरही सोनं नेलं. २०२४ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून बत्तीस वस्तू कुमासीच्या मान्हिया राजवाड्यातल्या संग्रहालयाला दिल्या. तीन वर्षांसाठी, उसन्या. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, जुलैमध्ये, त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखं साताऱ्याला आली. तीही तीन वर्षांसाठी, उसनी. ती विलायतेत गेली होती साताऱ्याच्या रेसिडेंटकडून, आणि तो रेसिडेंट म्हणजे जेम्स ग्रँट डफ, मराठ्यांचा तोच इतिहासकार. नखंही त्याने नेली आणि कथाही त्यानेच छापली. ही महाराजांचीच का, यावर आपल्याकडे कडाक्याचं भांडण झालं, म्युझियमनेही खात्री दिली नाही. तरी ती आली, काचेत ठेवली गेली, रांगा लागल्या आणि भांडणही चालू राहिलं. एकमत झालं नाही म्हणून कुणी पेटी परत पाठवली नाही.

परवा भाचीचा फोन होता, आता ती कॉलेजला आहे. वाघनखं बघायला जायचं म्हणते, मुदत संपायच्या आत. मुदत २०२७ पर्यंत. कुमासीचीही त्याच वर्षी संपते. तिथल्या करारात आणखी तीन वर्षं वाढवून मिळण्याची सोय आहे, मागितली तर.